तज्ज्ञसल्ला-व्यवसाय, कृषिविषयक (सातारा व सांगली)

एखाद्या विषयातील जाणकाराचे ज्ञान, ते हवे असणाऱ्यास गरजेपुरते व ठराविक मोबदला घेऊन उपलब्ध करून देण्याचा व्यवसाय. वकील, वैद्य वा हिशेबतपासनीस हेही मोबदला घेऊन सल्ला देतात. परंतु त्यांच्या व्यवसायास कायद्याने पात्रता व नोंदणी ठरवून दिलेली आहे. प्रस्तुत व्यवसायात अनुभव हीच मुख्य पात्रता मानली जाते. जागतिक पातळीवर या व्यवसायास स्वतंत्र उद्योगाचे रूप १९९८ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या गेर्सन लेहरमन ग्रूप या कंपनीपासून आले. गुंतवणूक करणाऱ्या संस्था व व्यवस्थापन-सल्लागार यांची त्या त्या उद्योगातील अनुभवी व्यक्तींशी तासाच्या दराने गाठ घालून देणे, हे तिचे कार्य होय. पुढे गाइडपॉइंट (२००३), थर्ड ब्रिज (२००७), अल्फासाइट्स (२००८) इ. कंपन्या निघाल्या व २०२० नंतरच्या काही वर्षांत या उद्योगाची वार्षिक उलाढाल सु. दोन अब्ज डॉलर असल्याचे अंदाज प्रसिद्ध झाले. २००९ नंतर अमेरिकेत शेअरबाजारातील गोपनीय माहितीच्या गैरवापराचे जे खटले चालले, त्यांत अशा मध्यस्थांकरवी दिला गेलेला ‘सल्ला’ म्हणजे चोरून विकलेली माहिती असल्याचे काही प्रकरणांत सिद्ध झाले. सल्ला आणि विक्री यांची सरमिसळ हा या व्यवसायाचा मूळचाच दोष असून कृष्णाकाठी तो वेगळ्या स्वरूपात आढळतो.

सातारा व सांगली हे १९४९ पर्यंत एकच जिल्हा होते. त्या वर्षी दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. या भागात शेतीविषयक ज्ञान प्रथम मालाच्या जोडीने आले. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानात उभा राहिला. त्याचा लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरविण्यासाठी नांगरटीचे महत्त्व आधी समजावून द्यावे लागे. १९२० मध्ये निघालेले किर्लोस्कर खबर हे नियतकालिकही आरंभी कारखान्याच्या मालाची माहिती देणारेच होते. मालाबरोबर मिळणारा सल्ला फुकट असतो, ही समजूत येथपासून रुजली असे म्हणता येईल.

सरकारी संशोधनाची परंपराही जुनी आहे. फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. फुले २६५ ही क्षारयुक्त जमिनीतही तग धरणारी उसाची जात याच केंद्राची. मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज येथे हळदीवर संशोधन होते. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले व त्याच वर्षी फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्था ही खाजगी संस्था निघाली. सहकारी साखर कारखान्यांनी शेतकी अधिकारी नेमले. कारखान्यास ऊस हवा असल्याने लागण, बेणे व खते यांविषयीचा त्यांचा सल्ला सभासदास विनामूल्य मिळे. उसाच्या शेतीत चूक झाली, तरी पीक सहसा पूर्णपणे हातचे जात नाही. त्यामुळे उसासाठी पदरचे पैसे मोजून सल्लागार बोलावण्याची गरज फारशी भासली नाही.

द्राक्षाची गोष्ट निराळी आहे. या वेलीची महाराष्ट्रात वर्षातून दोनदा छाटणी करतात : उन्हाळ्यात खरड छाटणी व साधारणपणे ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. खरड छाटणीनंतरच्या काही आठवड्यांत काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो. तो झाला किंवा नाही हे नुसत्या नजरेस दिसत नाही. त्यासाठी डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. फळछाटणी कोणत्या डोळ्यावर घ्यावी, हे या तपासणीवर अवलंबून असते. पुढे जिब्रेलिक अम्लाच्या (बागायतदारांच्या भाषेत ‘जीए’च्या) द्रावणात घड बुडविणे, मण्यांची विरळणी, पानदेठांचे परीक्षण करून खतांच्या मात्रा ठरविणे, डाऊनी व भुरी या रोगांवरील फवारण्या अशी कामे दिवस मोजून करावी लागतात. द्रावणाची तीव्रता चुकली अथवा फुलोऱ्यात पाऊस पडूनही फवारणी दोन दिवस लांबली, तर वर्षाचे उत्पन्न बुडू शकते. मांडव, ठिबक संच व मजुरी यांत मोठे भांडवल आधीच गुंतलेले असते. अशा पिकात योग्य वेळी मिळालेल्या सल्ल्यास किंमत येणे स्वाभाविक होते.

आरंभी हे ज्ञान बागायतदारांनी एकमेकांना दिले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघाने चर्चासत्रे, शिवारफेऱ्या व द्राक्षवृत्त हे नियतकालिक यांद्वारे ते पसरविले. संघाच्या चार विभागांत सांगली हा एक आहे. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेस या जातीतून निवड करून तास-ए-गणेश ही जात काढली व ती राज्यभर पसरली. प्रयोगशाळेबाहेर, बागेत झालेल्या संशोधनाचे हे ठळक उदाहरण होय. मांजरी (पुणे) येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ मध्ये स्थापन झाले, तोपर्यंत सांगलीतील बागायतदार बऱ्याच अंशी आपल्याच अनुभवावर बाग सांभाळत होता.

याच अनुभवी बागायतदारांतून व कृषिपदवीधरांतून पगारी सल्लागारांचा वर्ग पुढे आला. तासगाव, पलूस, मिरज, कवठे महांकाळ व जत हे तालुके त्याचे कार्यक्षेत्र होत. सल्लागाराची फी हंगामाला एकरी ठरते किंवा दर भेटीस आकारली जाते. भेटीला सर्वत्र ‘व्हिजिट’ म्हणतात. एका गावातील काही बागायतदार मिळून एक सल्लागार ठरवितात. तो एका फेरीत सर्वांच्या बागा पाहतो, प्रत्येकास चिठ्ठी लिहून देतो व दोन व्हिजिटींच्या मधल्या शंकांचे निरसन भ्रमणध्वनीवरून करतो. त्याचे खरे भांडवल म्हणजे एकाच आठवड्यात पाहिलेल्या अनेक बागा. एका शिवारात दिसलेल्या रोगाची सूचना दुसऱ्या शिवारास आधीच मिळते, आणि बागायतदार एका परीने त्याचीच किंमत मोजतो.

या सल्लागारांहून मोठा आणि बिनपैशाचा प्रतिस्पर्धी म्हणजे कृषी सेवा केंद्र. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २००३ मधील पाहणीत देशातील सु. ४० टक्के शेतकरी कुटुंबांनीच आधुनिक तंत्रज्ञानाची माहिती कोणत्या ना कोणत्या मार्गाने मिळविल्याचे आढळले. त्यांत इतर प्रगतिशील शेतकरी हा मार्ग सु. १७ टक्के, निविष्ठाविक्रेता सु. १३ टक्के, तर सरकारी विस्तार कर्मचारी सु. ६ टक्के कुटुंबांनी सांगितला. सल्लागार व दुकानदार यांच्यातील रेषाही पुसट आहे. काही सल्लागारांची स्वतःची दुकाने असतात, तर काहींच्या चिठ्ठीतील औषधे ठराविक दुकानातच मिळतात. फी कमी, परंतु औषधांचे बिल मोठे, असा अनुभव बागायतदार सांगतात. कीटकनाशके विकण्यास १९६८ च्या कायद्याने परवाना लागतो. ती कोणती व किती वापरावीत, हे सांगण्यास लागत नाही. केंद्र शासनाने २००२ मध्ये कृषिपदवीधरांसाठी कृषिचिकित्सालय व कृषिव्यवसाय केंद्रांची योजना आणि हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेने २००३ मध्ये विक्रेत्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. या उपायांनी पात्रता वाढली. हितसंबंधांचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्याची झळ निर्यातीस दोनदा लागली. २००३ मध्ये नेदर्लंड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अवशेष आढळले व त्यानंतर ‘अपेडा’ने अवशेष-नियंत्रणाची व बागनोंदणीची पद्धत बसविली. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अवशेषांमुळे युरोपात माल पुन्हा अडला. वेलीची वाढ रोखून घड वाढावेत, म्हणून हे द्रव्य वर्षानुवर्षे सर्रास सुचविले जात होते. सुचविणाऱ्यावर कोणतीच जबाबदारी आली नाही. नुकसान बागायतदार व निर्यातदार यांनी सोसले. सांगलीकडील बराच माल बेदाण्याकडे वळत असल्याने (सांगली बेदाण्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले) येथील झळ नाशिकच्या मानाने कमी होती, एवढेच.

मांजरी येथील केंद्र शिफारशीत औषधांची यादी, प्रत्येकाचा काढणीपूर्व प्रतीक्षाकाल व हवामानावर आधारित सल्ला विनामूल्य प्रसिद्ध करते. तरीही खाजगी सल्लागारांची मागणी घटलेली नाही; कारण यादी सर्वांसाठी एकच असते आणि बागायतदारास स्वतःच्या बागेत उभे राहून सांगणारा माणूस हवा असतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पावसाने सांगली जिल्ह्यातील बागांची मोठी हानी झाली. त्यानंतरच्या वर्षांतही असे पाऊस होत राहिल्याने अनेकांनी बागा काढून टाकल्या. पावसाने पीक गेले, तरी ठरलेली फी व दुकानाची उधारी ही बागायतदाराच्याच नावावर राहते. फी उत्पन्नाशी निगडित ठेवण्याची रीत या भागात रूढ झालेली नाही.