भिंतीतील मांजरझडप
मांजराला घरात आपल्या मर्जीने ये-जा करता यावी, यासाठी बाहेरच्या भिंतीत बसवलेली लहान झुलती झडप म्हणजे मांजरझडप. हैदराबादेत ती बसवताना प्रथम भिंतीचा प्रकार ओळखावा लागतो. जुन्या शहरातील दगड-चुन्याच्या भिंती गोव्यातील जुन्या जांभ्याच्या भिंतींसारख्याच जाड असतात. तेथे भोकाचा बोगदाच होतो आणि वरचे दगड निखळण्याची भीती असते. विटांच्या नऊ इंची भिंतीत खांब, तुळया, वीजवाहिन्या व नळ टाळून भोक पाडता येते. नव्या उंच इमारतींत मात्र ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतीच अनेकदा इमारतीचा भार पेलतात. त्यांतील सळ्या कापल्यास इमारतीच्या मजबुतीलाच बाध येतो. त्यामुळे संरचना अभियंत्याच्या संमतीवाचून अशा भिंतीला हात लावू नये.

झडपेचा खालचा काठ साधारणतः मांजराच्या पोटाच्या उंचीला ठेवतात. भोकाच्या तळाला बाहेरच्या बाजूस उतार दिल्यास आणि कडा सिलिकॉनने बुजवल्यास पावसाचे पाणी आत शिरत नाही. साध्या झडपेतून उंदीर, साप वा परकी मांजरेही येऊ शकतात. म्हणून रात्री तिला कडी लावतात. मायक्रोचिप ओळखणारी झडप बाहेरून केवळ नोंदवलेल्या मांजरासाठीच उघडते.