शब्दवेध : पाकिस्तान

देशाचं नाव आधी आणि देश नंतर, असं क्वचितच घडतं. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या चौधरी रहमत अली यांनी जानेवारी 1933 मध्ये एक पत्रक काढलं. त्यात शब्द होता ‘पाकस्तान’; मधला ‘इ’ उच्चाराच्या सोयीसाठी मागाहून शिरला. पंजाबचा प, अफगाण म्हणजे वायव्य सरहद्द प्रांताचा अ, काश्मीरचा क, सिंधचा स आणि बलुचिस्तानचं शेपूट ‘तान’. शिवाय फारसीत ‘पाक’ म्हणजे पवित्र (आपला साखरेचा पाक वेगळा, तो संस्कृत ‘पच्’ धातूचा) आणि ‘स्तान’ म्हणजे आपलंच ‘स्थान’. जुळणी बेमालूम, पण या अक्षरांत बंगाल कुठंच नाही! बंगाल-आसामसाठी त्यांनी ‘बंग-ए-इस्लाम’ आणि निजामाच्या हैदराबादसाठी ‘उस्मानिस्तान’ अशी नावं पुढं सुचवली. म्हणजे आपला मराठवाडा उस्मानिस्तानात! 23 मार्च 1940 ला मांडलेल्या मुस्लिम लीगच्या लाहोर ठरावातही ‘पाकिस्तान’ हा शब्द नव्हता. वर्तमानपत्रांनी तो ‘पाकिस्तान ठराव’ करून टाकला आणि लीगनंही नाव उचललं. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांचं पुस्तक आलं, ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’. रहमत अली मात्र 1948 मध्ये त्या देशात गेले, काही महिन्यांतच त्यांना बाहेर पडावं लागलं. 1951 मध्ये ते केंब्रिजलाच वारले.