शेकरूची कुळी

तळेघर मागे टाकून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की हिरडा, जांभूळ, आंबा यांची दाटी वाढते आणि गाडीतली मंडळी माना वर करून शेकरू शोधू लागतात. दिसलं तर ‘केवढी मोठी खार!’ हा उद्गार ठरलेला. उद्गार चुकीचा नाही, पण त्यातून असं वाटतं की अंगणातली पट्टेवाली खारच रानात खाऊनपिऊन एवढी फोफावली. तसं नाही. दोघींचं घराणं एक, चूल मात्र केव्हाच वेगळी झालेली.

कागदोपत्री हे कळायला वेळ लागला. १७७७ मध्ये एर्क्सलेबन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने शेकरूला ‘सायुरस इंडिकस’ म्हटलं, म्हणजे युरोपातल्या तांबड्या खारीच्याच खात्यात टाकलं. पुढे विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनची आकडेवारी जमवत हिंडला. महसूल, शेती, लोकसंख्या यांच्या जोडीने पशुपक्षीही टिपले. सह्याद्रीतल्या शेकरूचं वर्णन त्याने १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडलं आणि त्याला मुंबईचा माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचं नाव दिलं. साहेबाला खूश करायची ही रीत तेव्हा रूढच होती. भीमाशंकरच्या शेकरूला आजही ‘एल्फिन्स्टनी’ ही उपजात म्हणतात ती त्यामुळे. पण ती खरंच वेगळी धरावी का, यावर एकमत नाही. काही वर्गीकरणांत तिला मूळ ‘इंडिका’ उपजातीतच मिळवलेलं आहे. रंगाच्या छटांवरून पाडलेल्या उपजातींचं असंच होतं.

मला उपजातीपेक्षा वरची पायरी महत्त्वाची वाटते. १८६७ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी या थोरल्या खारींसाठी ‘रॅटुफा’ ही प्रजाती वेगळी काढली. २००३ मध्ये मर्सर आणि रॉथ या संशोधकांनी जगभरातल्या खारींची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा रॅटुफाची फांदी फार आधीच फुटलेली दिसली. खारींचे सर्वांत जुने जीवाश्म उत्तर अमेरिकेतले, सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचे. त्यानंतर फार काळ लोटायच्या आतच शेकरूचे पूर्वज वेगळ्या वाटेला लागले होते. गंमत अशी, की आपल्या अंगणातली खार शेकरूपेक्षा लडाखच्या बिळांतल्या मार्मोट या खारकुळातल्याच प्राण्याला जवळची!

हे वेगळेपण शेकरू खायला बसलं की नजरेत भरतं. आपली खार ताठ बसून, शेपूट पाठीवर घेऊन कुरतडते. शेकरू फांदीवर आडवं होतं, मागच्या पायांनी पकड घेतं आणि तोलासाठी एका बाजूला डोकं, दुसऱ्या बाजूला शेपूट सोडतं. फळ पुढच्या पंजांत. जमिनीवर ते क्वचितच उतरतं. एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्याच्या शेंड्यावर उडी, आणि काटक्या-पानांची घरटीही अशीच उंचावर, एकाच शेकरूची अनेक. म्हणूनच शेंड्याला शेंडा भिडलेला नसेल तर त्याचा रस्ताच खुंटतो.

त्यासाठीच १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झालं. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणीही आहे. पोरांना घेऊन तिकडे गेलात तर उपजातीचं नाव पाठ करून घेऊ नका. आधी अंगणातली खार खाताना दाखवा, मग शेकरू. फरक त्यांचा त्यांना दिसेल.