ग्रीन कार्ड टिकवायचे, तर केवळ सहा महिन्यांचा हिशेब पुरेसा नाही

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलामुलींनी आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मिळवणे ही आता अनेक मराठी कुटुंबांत नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. अमेरिकी नागरिकाने वयाची २१ वर्षे पूर्ण केली असतील, तर त्याच्या आईवडिलांच्या अर्जाला वार्षिक कोट्याची मर्यादा लागू होत नाही. नोकरीच्या आधारे अर्ज करणाऱ्या भारतीयांच्या वाट्याला येणारी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा त्यामुळे त्यांना चुकते. अडचण उद्भवते ती कार्ड हाती आल्यानंतर. पुण्या-नाशिकातील घर, निवृत्तिवेतनाचे खाते, ओळखीचे डॉक्टर यांच्या ओढीने भारतातील मुक्काम लांबत जातो आणि ‘सहा महिन्यांतून एकदा जाऊन आले की झाले’ या ऐकीव सल्ल्यावर विसंबून राहिले जाते.

हा सल्ला अर्धवट आहे. कॅनडात पाच वर्षांत ७३० दिवस वास्तव्य असा मोजता येण्याजोगा निकष आहे. अमेरिकी कायद्यात तसा नाही. तेथे प्रश्न विचारला जातो तो हेतूचा : परदेशातील मुक्काम तात्पुरता होता की नाही? नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने १९८६ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार, मुक्काम अल्पकाळाचा आणि ठरावीक मुदतीचा असावा, अथवा नजीकच्या काळात घडण्याची वाजवी शक्यता असलेल्या एखाद्या घटनेबरोबर तो संपणारा असावा. आजारी भावाची शुश्रूषा किंवा घराची विक्री या कसोटीत बसू शकते; ‘परत जाऊ कधीतरी’ ही इच्छा बसत नाही. म्हणूनच वर्षातील दहा महिने भारतात राहून मधूनच काही आठवडे अमेरिकेत जाणाऱ्या व्यक्तीचा दर्जाही धोक्यात येऊ शकतो, जरी तिची एकही अनुपस्थिती सहा महिन्यांची नसली तरी.

अर्थात, कालमर्यादांना महत्त्व नाही असे नव्हे. सलग १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहून परतणाऱ्यास कायदा नव्याने प्रवेश मागणारा मानू शकतो. अनुपस्थिती एक वर्ष वा त्याहून अधिक झाली, तर केवळ ग्रीन कार्डाच्या आधारे परतता येत नाही.

मुक्काम लांबणार हे आधीच ठाऊक असेल, तर पुनर्प्रवेश परवाना हा सरळ मार्ग आहे. त्यासाठीचा आय-१३१ हा अर्ज अमेरिकेत प्रत्यक्ष उपस्थित असतानाच करावा लागतो. भारतातून तो करता येत नाही, आणि नेमके हेच अनेकांना उशिरा कळते. बोटांचे ठसे देण्यासाठी बोलावणे आल्यास ते देऊन निघणे श्रेयस्कर. त्यानंतर परवाना वकिलातीमार्फत परदेशात स्वीकारण्याची सोय आहे. तो साधारणतः दोन वर्षांचा असतो. मात्र गेल्या पाच वर्षांपैकी चारहून अधिक वर्षे बाहेर काढलेल्यांना सामान्यतः एकाच वर्षाचा मिळतो. परवाना म्हणजे अभय नव्हे. हेतूची चौकशी तरीही होऊ शकते.

त्या चौकशीत पुरावे बोलतात : अमेरिकेतील पत्ता, बँक खाते, वाहनपरवाना, वैद्यकीय विमा आणि विशेषतः करविवरण. ग्रीन कार्डधारकाला भारतातील मुदत ठेवींच्या व्याजासह जगभरातील उत्पन्न तेथे दाखवावे लागते, आणि परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली असल्यास तिची स्वतंत्र माहितीही द्यावी लागते. कर वाचवण्यासाठी स्वतःला अनिवासी म्हणवून विवरण भरणे म्हणजे दर्जा सोडल्याचा पुरावा आपल्याच हाताने देणे होय.

विमानतळावर अधिकाऱ्याला शंका आल्यास आय-४०७ हा दर्जा सोडल्याचा अर्ज पुढे केला जाऊ शकतो. थकलेल्या, इंग्रजीचा सराव नसलेल्या ज्येष्ठांनी येथे सावध असावे, कारण त्यावर सही करणे ऐच्छिक आहे. नकार देऊन स्थलांतर न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते, आणि दर्जा सोडला हे तेथे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते.

मुदत उलटून गेलीच, तर वकिलातीकडे परतणाऱ्या रहिवाशाचा एसबी-१ व्हिसा मागता येतो. परतण्याचा हेतू कायम होता आणि विलंब आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला, हे कागदोपत्री दाखवावे लागते. गंभीर आजारपणाची रुग्णालयीन कागदपत्रे येथे उपयोगी पडतात. नातवंडांची ओढ नव्हे.

नागरिकत्वाचा हिशेब याहून वेगळा आहे. सर्वसाधारणपणे पाच वर्षांतील किमान ३० महिने अमेरिकेत प्रत्यक्ष वास्तव्य लागते. सहा महिन्यांहून अधिक, पण वर्षाहून कमी अनुपस्थितीने वास्तव्य खंडित झाल्याचे गृहीत धरले जाते. ते पुराव्याने खोडता येते. पुनर्प्रवेश परवान्याने ही अट शिथिल होत नाही.

ज्यांना खरोखर भारतातच राहायचे आहे, त्यांच्यासाठी कार्ड रीतसर परत करून पर्यटक व्हिसासाठी अर्ज करणे हाही पर्याय आहे. तो व्हिसा मिळेलच याची हमी नसते. मात्र पुढे विचार बदलल्यास नागरिक असलेल्या मुलाला किंवा मुलीला नव्याने अर्ज दाखल करता येतो.