तपकिरी रेषेची गोष्ट : स्तनाचा कॅन्सर नलिकेच्या आत आहे की बाहेर?

बायोप्सीचा रिपोर्ट आणायला गेलात आणि लॅबमधून सांगितलं, "आयएचसी करावं लागेल, आणखी काही दिवस थांबा," की जीव टांगणीला लागतो. "कॅन्सर आहे की नाही एवढंच सांगा ना," असं रुग्ण म्हणतात. पण प्रश्न तेवढाच नसतो. कॅन्सर दुधाच्या नलिकेच्या आतच आहे की भिंत ओलांडून बाहेर पडलाय, यावर पुढचे उपचार ठरतात. फक्त आतच असेल तर सहसा केमोथेरपी लागत नाही.

नलिकेच्या आतल्या पेशींभोवती मायोएपिथेलियल पेशींचा पातळ थर असतो. बाळ दूध पितं तेव्हा याच पेशी आकुंचन पावून दूध पुढे ढकलतात. हे कुंपण शाबूत असेल तर कॅन्सर आत आहे. बाहेर पसरलेल्या पेशींभोवती ते नसतं.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी १९३२ मध्येच जागच्या जागी असलेल्या कॅन्सरला 'कार्सिनोमा इन सिटू' असं नाव दिलं. पण नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगात हे कुंपण कित्येकदा नीट दिसत नाही. नलिका दबलेल्या, वेड्यावाकड्या असल्या की अनुभवी डोळाही चकतो.

उपाय सापडला तो जंतूंच्या अभ्यासातून. अँटिबॉडी नेमक्या आपल्या लक्ष्यालाच चिकटते. हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडला. १९६६ मध्ये नाकाने आणि पियर्स यांनी चमकणाऱ्या रंगाऐवजी एन्झाइम जोडलं आणि खूण साध्या मायक्रोस्कोपखाली दिसू लागली. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची अँटिबॉडी हवी तितकी बनवायची युक्ती शोधली. त्यासाठी त्यांना १९८४ चं नोबेल मिळालं.

तरी एक अडचण उरलीच. बायोप्सीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये टिकतो, पण त्यात प्रथिनं जखडली जातात आणि अँटिबॉडीला आपली जागाच सापडत नाही. १९९१ मध्ये शी आणि सहकाऱ्यांनी स्लाइड चक्क मायक्रोवेव्हमध्ये तापवली आणि झाकलेल्या जागा मोकळ्या झाल्या! त्यामुळे कपाटातले जुने मेणाचे ब्लॉकसुद्धा तपासता येऊ लागले.

पी६३ हे जनुक १९९८ मध्ये ओळखलं गेलं. त्याचं प्रथिन स्तनातल्या मायोएपिथेलियल पेशींच्या केंद्रकात असतं, हे इटलीतल्या बार्बारेस्की यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं. आज पी६३ लावलं की नलिकेभोवती तपकिरी ठिपक्यांची माळ उमटते. माळ असली तर कुंपण आहे.

मग एकच तपासणी का पुरत नाही? स्मूथ मसल अ‍ॅक्टिनसारखं मार्कर शेजारच्या दुसऱ्या पेशींनाही रंगवतं आणि नसलेलं कुंपण असल्यासारखं भासतं. उलट पी६३ च्या ठिपक्यांमध्ये अधूनमधून खंड दिसतो. मायक्रोग्लँड्युलर अ‍ॅडिनोसिस या कॅन्सर नसलेल्या आजारात तर कुंपण नसतंच. म्हणून पॅथॉलॉजिस्ट दोन-तीन मार्कर एकत्र लावतात आणि मूळ स्लाइडशी ताडून पाहतात.

एक लक्षात ठेवा : सुईने काढलेला तुकडा लहान असतो. त्यात 'फक्त आत' दिसलेला कॅन्सर ऑपरेशननंतर पूर्ण गाठ तपासल्यावर एखाद्या ठिकाणी बाहेर पडलेला आढळू शकतो. तसंच ईआर, पीआर आणि हर-२ हे मार्कर वेगळ्या प्रश्नाचे आहेत. कोणतं औषध लागू पडेल, हे ते सांगतात.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांना जरूर विचारा, "कुंपण शाबूत आहे का?" आणि त्या उत्तरासाठी चार दिवस थांबावं लागलं, तर थांबा. चुकीच्या घाईपेक्षा ते परवडतं.