समुद्रावरचा परवाना

बंगळूरला राजाजीनगरच्या बाजारात मिरची मागावयाची तर 'मेणसिनकायि' म्हणावे लागते. 'मेणसु' म्हणजे मिरी आणि 'कायि' म्हणजे कच्चे फळ. मराठीतही मिरीच्याच नात्याने मिरची आली. अमेरिकेची ही पाहुणी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली आणि दोन्ही भाषांनी तिला घरच्या मिरीचे नाव दिले. ज्या मिरीसाठी हे लोक आफ्रिकेला वळसा घालून आले, तिचीच जागा आपल्या स्वयंपाकघरात त्यांच्या मिरचीने बळकावली! बटाटा, काजू, पपई, तंबाखू हीही त्याच वाटेने आलेली मंडळी. परंतु आपल्या किनाऱ्याचे जीवन ज्याने याहून खोलवर बदलले, तो एक कागद होता.

१४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला, तेव्हा अरबी समुद्रावर चाचे होते, पण मालक कोणी नव्हता. बंदरात शिरल्यावर त्या त्या राजाची जकात भरावी, एवढाच रिवाज. पोर्तुगीजांनी थोड्याच वर्षांत 'कार्ताझ' नावाचा परवाना सुरू केला. जहाज कोणाचे, तांडेल कोण, शस्त्रे किती, जाणार कोठे, हे सर्व त्यात लिहिलेले असे. मिरी तर नेण्याचीच बंदी. कार्ताझ जवळ नसेल तर जहाज मालासकट जप्त. कागदाची फी किरकोळ. खरी मेख अशी की जहाजाने पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरली पाहिजे. फी नाममात्र ठेवून अट जबर घालावयाची, ही युक्ती माझ्यासारख्या सरकारी नोकराला फारच ओळखीची वाटते.

१५१० मध्ये गोवा हाती आल्यावर अरबी घोड्यांचा व्यापारही तेथूनच व्हावा, असा बंदोबस्त झाला. दक्षिणेतील घोडदळे या घोड्यांवर अवलंबून. १५४७ च्या तहाने विजयनगरने ते घोडे आपल्यासाठी राखून घेतले आणि विजापूरला त्यांपासून तोडले. म्हणजे दख्खनच्या पठारावरील लढायांचा एक दोर समुद्रावरच्या परक्यांच्या हाती गेला. मोगल बादशहासुद्धा हजच्या जहाजांसाठी कार्ताझ घेत. तो जवळ असूनही १६१३ साली जहांगीरच्या आईचे 'रहीमी' जहाज सुरतेजवळ पोर्तुगीजांनी पकडले.

हा धडा आपल्याकडे नीट वाचला गेला. शिवछत्रपतींनी आरमार उभारले. टोपीकर हे नुसते सावकार नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे उभे आहेत, हा इशारा रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आहे. पुढे कान्होजी आंग्र्यांनी, कोकणपट्टीने जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, असे बजावले. त्याबद्दल इंग्रजांनी त्यांना चाचा ठरविले. स्वतः मात्र तेही मुंबईहून परवाने देतच होते. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हालवीत परतले.

कान्होजी १७२९ साली वारले. मग भाऊबंदकी माजली, तुळाजी आंग्र्यांचे पुण्याशी बिनसले, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले. तोफा इंग्रजांच्या होत्या. तह करून त्यांना बरोबर घेतले होते ते पेशव्यांनी.