दिवसाढवळ्या पेटलेला दिवा

हाताची पाचही बोटं एकदा मिटायची, एकदा उघडायची. असं दोन-तीन वेळा. ही खूण काय सांगते ते चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, लगेच उत्तर येईल, "लायट चालू आसा!" समोरून येणाऱ्या अनोळखी स्कूटरवाल्याला आपण ती करायचो. तो जरा ओशाळायचा, बटण बंद करायचा, मान हलवून आभार मानायचा आणि निघून जायचा. नाव नाही, गाव नाही, तरी एकमेकांची बॅटरी वाचवायची काळजी! आज ही खूण रस्त्यावरून जवळजवळ नाहीशी झाली आहे. आणि गंमत म्हणजे तिच्या जाण्याला नेमकी तारीख आहे, १ एप्रिल २०१७.

त्या दिवसापासून आपल्या देशात तयार होणाऱ्या प्रत्येक दुचाकीचा पुढचा दिवा इंजिन सुरू झालं की आपोआप पेटतो आणि इंजिन बंद होईपर्यंत विझत नाही. विझवायचं बटणच काढून टाकलं आहे. आपण सरकारी नियम मुकाट्याने पाळतो किंवा मुकाट्याने मोडतो, पण त्यामागे काय आहे ते सहसा विचारत नाही. सरकारी कचेरीतच बसत असल्यामुळे हे मी जरा अधिकाराने सांगू शकतो. म्हणून म्हटलं, या दिव्याची हकिकत एकदा सांगावी.

दिवा पाहण्यासाठी असतो, ही आपली जुनी समजूत. पण दिसण्यासाठीही दिवा लागतो हे कायद्याला फार पूर्वीच कळलं होतं, निदान रात्रीपुरतं तरी. जुन्या लोकांना आठवत असेल, रात्री दिवा नसलेली सायकल पोलीस अडवायचे. पुण्या-मुंबईच्या जुन्या आठवणींत 'डबल सीट' आणि 'बिनदिव्याची सायकल' हे दोन गुन्हे हमखास येतात. त्या सायकलीचा रॉकेलचा दिवा रस्ता तो काय उजळणार? पुढे टायरला घासून चालणारा डायनामो आला, त्याचा उजेडही पाय थांबले की गुडूप. तो दिवा मुख्यतः सायकल इतरांना दिसावी म्हणूनच होता.

मोटारी वाढल्या तशी चिंता उलट दिशेला गेली. आता समोरच्याचे डोळे दिपू नयेत याची काळजी. त्यातून ती दिव्याची वरची अर्धी काच काळ्या रंगाने रंगवायची पद्धत आली. कुणी मध्यभागी काळा ठिपका काढायचं. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत तर 'ब्लॅकआऊट' म्हणून गाडीचे दिवे काळे करून, झाकून चालवावे लागत. तेव्हा न दिसण्यातच सुरक्षितता होती. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही दिव्यांची वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरू होते. शिवाय उजेड पुरेसा नसेल त्या कोणत्याही वेळी दिवा लावायचा, आणि त्या दिव्याने समोर १५५ मीटरपर्यंतचं स्पष्ट दिसलं पाहिजे, असं तो नियम सांगतो. भर उन्हात दिवा लावायचा, ही कल्पना त्यात कुठेच नव्हती.

आणि असती तरी आपल्या गाड्यांना ती पेलली नसती. बजाज चेतक आठवा. १९७२ साली आलेल्या या स्कूटरने आपल्या मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या वाहून नेल्या. तिचा दिवा इंजिनाच्या मॅग्नेटोवर चालायचा. गाडी जोरात तर दिवा लख्ख, सिग्नलला थांबली की दिवा मंद, पिवळसर. ज्या चौकात दिसण्याची सर्वांत जास्त गरज, तिथेच तो डोळा मिटायचा. बुलेटच्या कपाळावर मोठ्या दिव्याच्या दोन बाजूंना दोन छोटे दिवे असतात, त्यांना 'पायलट लॅम्प' म्हणतात. ते रुबाबदार खरे, पण भर दुपारी त्यांचा उपयोग शोभेपुरताच.

दिवसाही दिवा हवा, हे जगाला शिकवलं ते उत्तरेच्या काळोख्या देशांनी. फिनलंडने १९७२ साली हिवाळ्यात गावाबाहेरच्या रस्त्यांवर दिवसा दिवे लावणं सक्तीचं केलं. स्वीडनने १९७७ मध्ये ते वर्षभरासाठी लागू केलं. तिथे ऊनच कमी, त्यामुळे आपल्याला त्याचं काय, असं म्हणता आलं असतं. पण १९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांचा अहवाल आला. लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी करून तो लिहिला होता, आणि तिथे उन्हाची वाण नाही! त्यात आढळलं ते असं : मोटरसायकलची दुसऱ्या वाहनाशी टक्कर झाली, त्यांतल्या दोन तृतीयांश अपघातांत दुसरा चालक मोटरसायकलच्या हक्काच्या वाटेत घुसला होता. आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे त्याला मोटरसायकल दिसलीच नव्हती, किंवा दिसली तेव्हा उशीर झाला होता.

अपघातानंतर जगभरचे मोटारवाले एकच वाक्य बोलतात, "तो कुठून आला कळलंच नाही." हे वाक्य नेहमी खोटं नसतं. समोरून पाहिलं तर मोटरसायकल म्हणजे एक उभी पट्टी. मोटारीच्या काचेशेजारचा खांबसुद्धा तिला क्षणभर झाकून टाकू शकतो. शिवाय चौकात उभा असलेला चालक 'गाडी' शोधत असतो आणि त्याच्या मनातली गाडी चार चाकांची असते. डोळा दुचाकीवरून फिरतो, पण मन तिची नोंद घेत नाही. नोंद घेतली तरी लहान वस्तू दूर वाटते, तिचा वेग कळत नाही. आपल्या रस्त्यांवर यात माड-पोफळींच्या सावल्यांची भर पडते. उन्हातून सावलीत गेलेली काळी मोटरसायकल नाहीशी होते आणि एकदम दहा हातांवर उगवते. दिवा पेटलेला असेल तर तो ठिपका मनाला थांबवतो.

आपल्यासारख्याच उष्ण, पावसाळी मलेशियात १९९२ साली मोटरसायकलींना दिवसा दिवा सक्तीचा झाला. तिथल्या संशोधकांनी नंतर हिशेब मांडला, तेव्हा न दिसल्यामुळे होणारे अपघात सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. २००४ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे दिवसा दिवा लावणाऱ्यांना जखमी होण्याचा धोका २७ टक्के कमी होता. चमकणारे किंवा भडक रंगाचे कपडे घालणाऱ्यांना ३७ टक्के कमी. आणि काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट असेल तर २४ टक्के कमी.

इतकं सगळं कळूनही आपल्याकडे २०१७ उजाडावं लागलं. तो एप्रिल आणखी एका कारणाने आठवतो. त्याच तारखेपासून जुन्या प्रदूषण मानकाच्या, म्हणजे बीएस-३ गाड्यांची विक्री सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. निकाल आला २९ मार्चला आणि मग दोन दिवस दुकानांसमोर रांगा. हजारो रुपयांची सूट! त्या झुंबडीत विकल्या गेलेल्या कित्येक दुचाक्यांना दिव्याचं बटण शाबूत होतं.

लोकांनी हा बदल कसा घेतला, हे गोव्याबाहेर पाहायची संधी मला २०१८ साली मिळाली. एका प्रशिक्षणासाठी भोपाळला गेलो होतो. मुक्काम न्यू मार्केटच्या बाजूला, जवाहर चौकाजवळ. हा भाग टी. टी. नगरातला. टी. टी. म्हणजे तात्या टोपे, आपल्या येवल्याचे. १९५६ साली भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाली, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातले कितीतरी मराठी कारकून फायलींसकट इकडे आले. त्यांच्यासारख्यांसाठीच इथे सरकारी क्वार्टर्स उभी राहिली. तेव्हा मला हा चौक परका कसा वाटावा! संध्याकाळी चहा घेत मी रहदारी पाहत बसे. भर उजेडात निम्म्या दुचाक्यांचे दिवे पेटलेले, निम्म्यांचे विझलेले, आणि मधूनच कुणीतरी बोटांची ती उघडझाप करून ओरडायचं, "भैया, लाइट जल रही है!" दिवा पेटलेला तरुण नुसता हसायचा. बंद करणार कसा? वर्षभराने हीच जुनी माणुसकी नव्या यंत्राला चुकीची ठरत होती आणि तरी लोकांना ती सोडवत नव्हती. पणजीतही तेव्हा हेच चाललं होतं.

आता प्रश्न असा की दिवा पेटल्याने काम झालं का? आकडे तसं म्हणू देत नाहीत. २०१६ साली देशात रस्त्यांवर दीड लाखाहून अधिक माणसं गेली, त्यांत दुचाकीवरची सुमारे ३५ टक्के. २०२२ साली एकूण १,६८,४९१ मृत्यू आणि त्यांत दुचाकीवरचे सुमारे ४४ टक्के. दुचाक्या वाढल्या, वेग वाढला, हेल्मेट अजून डोक्यापेक्षा हातावर जास्त असतं. दिवा नसता तर काय झालं असतं, हे या आकड्यांवरून सांगता येणार नाही. पण दिवा पुरेसा नाही, एवढं त्यांवरून नक्की कळतं. 'दिसून घेण्याची' जबाबदारी आपण लहानाच्या गळ्यात बांधली. 'पाहण्याची' जबाबदारी मोठ्याच्या गळ्यात कोण बांधणार? मोटारवाल्याने वळण्याआधी मान थोडी पुढे करून त्या खांबाच्या पलीकडे पुन्हा एकदा पाहायचं, याची काही अधिसूचना निघत नाही.

आणि दुचाकीवाल्यांनीही दिव्यावर सगळं सोपवू नये. जूनमध्ये मांडवी पुलावरून जाताना पाहा. करडं आभाळ, करडं पाणी, आणि त्यात काळे, गडद निळे, खाकी रेनकोट घातलेली माणसं. दुकानात भडक रंगाचा रेनकोट पुढे केला तर आपण म्हणतो, "हो नाका, दुसरो दाखय." 'मळखाऊ' रंग आपल्याला प्रिय. खरं तर गोव्याला हे शिकवायला ऑकलंडपर्यंत जायची गरज नाही. आपल्या मोटरसायकल पायलटांची काळी गाडी आणि तिचा पिवळा मडगार्ड किती वर्षं आपल्या डोळ्यांसमोर आहे! गिऱ्हाइकाला पायलट ओळखू यावा म्हणून तो रंग आला. पण बाजारातल्या गर्दीत आपली नजर नेमकी त्या पिवळ्या मडगार्डवरच जाते की नाही?

असो. यंदा पाऊस सुरू व्हायच्या आत घरातले जुने रेनकोट काढाल, तेव्हा त्यांचे रंग एकदा बघा. आणि मुलांसाठी हेल्मेट घ्यायला गेलात तर पांढरं मागा.